पातं वाकलं पाहिजे

दुपारचे साडेतीन. जव्हारच्या बाजारातलं प्रकाशशेठचं हार्डवेअरचं दुकान. काउंटरवर एक नवं कोरं लोखंडी पातं आपटलं गेलं.

"शेठ, हा पाता बदलून दे. ह्याच्यानी भिंत ओरबाडली."

आपटणारी सविता, सूर्यमाळची. मी आत खुर्चीवर होतो, कारण दुपारी मी तिथेच असतो. जव्हार-मोखाड्याच्या बातम्या देता देता माझे केस पांढरे झाले. मंत्र्यासंत्र्यांची भाषणं ढिगाने ऐकली, त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ! या दुकानात ऐकलेलं मात्र डोक्यातून जात नाही. खिळ्यांच्या ड्रॉवरमध्ये उरलेसुरले स्क्रू साठतात ना, तसे किस्से इथे साठत जातात. कोणी मुद्दाम ठेवत नाही. मग एक दिवस ड्रॉवर उघडतच नाही. म्हणून आज तो उपडा करतोय.

आधी भानगड काय होती ते सांगतो. मोखाड्यात एक जुना सरकारी हॉल आहे. त्याच्यात जिप्सम बोर्डाच्या भिंती घालून मुलींसाठी अभ्यासिका करायची ठरली. आता आमच्याकडची माणसं ठाण्याला जाऊन नेमकं हेच काम करतात, आणि ठाण्याचा ठेकेदार हेच काम करायला परगावची माणसं घेऊन मोखाड्याला येतो! यावर मी इतक्यांदा लिहिलं, की मी नाही थकलो, छापणारे थकले. या वेळी मात्र एका इंजिनिअर साहेबांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "स्थानिक गटाला एक भिंत करू दे. पास झाली तर पुढची सगळी कामं त्यांची."

गट म्हणजे तीन माणसं. सविता, तिचा नवरा काशीनाथ, जो ठाण्याच्या टॉवरांमध्ये बोर्ड मारून आलेला, आणि जव्हारचे जमीलचाचा, ज्यांचा हात फिरला नाही अशी भिंत आमच्या गावात सापडणं कठीण.

भिंत नापास झाली, तर भात झोडून झालं की सविता-काशीनाथ घराला कुलूप लावून ठाण्याला जाणार. घरी दुसरं कोणी नाही, त्यामुळे मुलगी मनीषाही त्यांच्याबरोबर जाणार. मनीषा यंदा दहावीला. एका भिंतीवर काय काय टांगलेलं होतं ते एवढं.

आता त्या पात्याकडे येऊ.

"अगं, हे तर तू स्वतः निवडून नेलंस," शेठ म्हणाले. "नखाने वाजवून वाजवून!"

खरं होतं. आमच्याकडे कोयता असो की विळा, नखाची टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय कोणी घेत नाही. टण्ण वाजला तर पोलाद चांगलं, बद्द वाजला तर ठेव परत. सविताने शेठचा अख्खा ट्रे वाजवून काढला होता आणि देवळातल्या घंटेसारखं वाजणारं पातं उचललं होतं. पण ही भिंत कापायची नव्हती! दोन बोर्डांच्या सांध्यावर जाळीची टेप लावायची, तिच्यावर पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून अलगद ओढायची. ताठ पात्याचा कोपरा बोर्डाच्या कागदात रुतला आणि सांध्याशेजारी वाघाने नख मारावं तसे ओरखडे.

दारातून काशीनाथ म्हणाला, "मी सांगितला होता, वाजतो तो नको, वाकतो तो घे."

"कधी सांगितला? तू तर टपरीवर चहा पीत होतास!"

मग तिने ट्रेमधलं एकेक पातं काउंटरवर टेकवून वाकवायला सुरुवात केली. शेठनी ट्रे मागे ओढला. "अगं बाई, मोडेल ते!"

"मोडला तर तुझा माल खोटा. सरळ झाला तर मी घेते."

शेवटी एक पातं धनुष्यासारखं वाकलं आणि सोडल्यावर पुन्हा सुतासारखं सरळ. "हा," सविता म्हणाली, "ह्याला अक्कल हाय."

शेठ माझ्याकडे वळले. "बघा पत्रकार साहेब, न वाकणाऱ्याला बाजारात किंमत नाही!"

दुकानभर हशा. मी त्या दिवशी चहा घेतला नाही.

* * *

जमीलचाचांकडे त्यांच्या वडिलांची थापी आहे. गवंड्याची, जाड, लाकडी मुठीची. ते ती कोणाला हातात देत नाहीत आणि स्वतःच्या हातातून सोडत नाहीत.

काशीनाथ जेवायला बसला आणि चाचांनी अख्खा सांधा थापीने ओढून टाकला. "पात्याबित्याची काय जरूरत? ये देखो, मलई!"

समोरून खरोखर मलईच दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरकं ऊन आलं आणि सांधा उपाशी बैलाच्या पाठीसारखा वर आला. खाली लाटा, वर लाटा.

सविता बघत राहिली. "चाचा, तू तर दाभोशाचा धबधबा आणलास भिंतीवर! खाली पाइप लाव, सूर्यमाळचा बिनपाण्याचा उन्हाळा निघेल."

इथे एक सांगायला हवं. सूर्यमाळकडे थोरामोठ्यांनाही 'तू' म्हणतात. त्यात अपमान नसतो. चाचांना ते ठाऊक आहे. साहेब लोकांना मात्र तो दर वेळी नव्याने होतो!

चाचा भडकले ते धबधब्यावरून. "अरे, तू पैदा नव्हतीस तेव्हापासून भिंती करतोय मी!"

"म्हणून तर सुरकुत्या पडल्या भिंतीला."

काम ठप्प. चाचा थापी घेऊन जिन्यात बसले. काशीनाथने डोकं चालवलं. तो जवळ जाऊन अदबीने म्हणाला, "चाचा, थापीला भिंतीवर राबवायची म्हणजे तिचा अपमान. थापीने गोणीतला माल काढायचा, कालवायचा, आम्हाला वाटून द्यायचा. थापी मुकादम. पाता मजूर."

चाचांनी थोडा विचार केला, मिशीवरून हात फिरवला आणि उठले.

सरकारी खात्यात हेच करतात. एखाद्याला काम जमत नसेल, तर बढती!

* * *

"ठाण्याला ही लांबी एका रात्रीत वाळते," काशीनाथ म्हणाला.

ठाण्याला मोखाड्याचं धुकं नसतं. पाऊस ओसरला तरी सकाळी इथे खिडकीतून ढग आत येतो, भिंतीवर हात फिरवतो आणि निघून जातो. डबाबंद लांबी वाळेचना. बोट लावलं की बोटाला येई.

चाचांनी न विचारता उपाय केला. भरदुपारी भिंतीला लागून शेगडी पेटवली. लाकडं ओली. हॉलमधून असा धूर निघाला की शेजारच्या कार्यालयातले लोक बऱ्याच दिवसांनी टेबलावरून उठले! धूर निवळला तेव्हा पांढरी भिंत बिस्किटाच्या रंगाची झाली होती.

"चाचा," सविता कपाळाला हात लावून म्हणाली, "ही भिंत हाय, बोंबील नाय!"

मग शेठकडून कोरड्या पावडरीची गोणी आली. ही लांबी पाण्यात कालवली की हवेची वाट बघत नाही, आपली आपण घट्ट होते. फक्त लागेल तेवढीच कालवायची आणि लगेच ओढायची.

पहिलं घमेलं चाचांनी कालवलं. कालवता कालवता त्यांना तरुणपणीची एक गोष्ट आठवली. एका सावकाराच्या माडीला रंग देताना परात डोक्यावर कशी पालथी झाली, त्याची. गोष्ट रंगली. सगळे हसले. गोष्ट संपली आणि चाचांनी हात सोडला, तर थापी घमेल्यात उभी! तिरंगा रोवावा तशी.

त्या दिवसापासून साइटवर नियम आहे: लांबी कालवली की चाचांनी गोष्ट सुरू करायची नाही.

* * *

आता शेठचा किस्सा. स्वतःवरचा आहे म्हणून ते सांगत नाहीत, मी सांगतो.

शेवटचा हात मारायला हातभर रुंद पातं लागतं. अरुंद पात्याने सांध्याच्या दोन्ही बाजूंना कडा राहतात, रुंद पात्याने त्या भिंतीत विरून जातात. जव्हारला तसलं पातं नव्हतं. शेठ म्हणाले, "काळजी करू नका, मोबाइलवरून मागवतो. जग कुठे चाललंय!"

पार्सल आलं. चकचकीत स्टीलचं पातं, वर लाकडी मूठ, कडेला मापाच्या खुणासुद्धा. शेठ खूश. "बघ, इंचपट्टीची पण सोय!"

काशीनाथने ते हातात घेतलं, टेकवलं, दाबलं. पातं ढिम्म. त्याने खोक्यावरचं चित्र बघितलं आणि खोकं गुपचूप शेठपुढे सरकवलं. चित्रात पांढरी टोपी घातलेली बाई कणीक कापत होती.

परत पाठवायची मुदत टळली होती. शेठ पातं घरी घेऊन गेले.

आता त्यांच्याकडे खोबऱ्याच्या वड्या खायला जा. एकूण एक वडी लेव्हलमध्ये! वहिनी म्हणतात, "इतक्या वर्षांत यांनी दुकानातून आणलेली ही पहिली उपयोगी वस्तू."

आणि रुंद पातं? ते काशीनाथच्या जुन्या जोडीदाराने ठाण्याहून एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलं. मोबाइलच्या आधीपासून आमच्याकडे सामान असंच येतं. जग कुठे चाललंय!

* * *

घासायच्या वेळी वेगळीच पंचाईत. पॉलिश पेपर हाताने घासला की बोटांचे चर पडतात. त्याला मागे सपाट लाकूड हवं. काशीनाथ लाकूड तासत बसला होता, तेवढ्यात शाळा सुटून मनीषा आली. बापाचं काम बघितलं, घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी दप्तरातून एक वस्तू काढून दिली. हातात बसणारी, सपाट, लाकडी. पेपर तिच्यावर असा बसला, जणू मापाने शिवलाय.

दोन दिवस भिंत झकास घासली गेली. मग गुरुजी आले.

"आमच्या वर्गातलं डस्टर इकडे आलंय असं कळलं."

मनीषा छताकडे बघत होती. सविताने डस्टर पदराने पुसून पुढे केलं. गुरुजींनी ते घेतलं नाही. चष्मा वर करून भिंतीजवळ गेले, तळहात फिरवला. पुन्हा फिरवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "शाळेत ते नुसतं फळा पुसत होतं."

* * *

भिंत बघायला मी मोखाड्याला गेलो. चांगली दिसली. तसं म्हणालो.

काशीनाथ म्हणाला, "भाऊ, समोरून सगळ्याच भिंती चांगल्या दिसतात. तुझ्याकडे मोबाइल हाय ना? बॅटरी लाव. समोर नको, भिंतीला चिकटवून धर. तिरकी."

मी बॅटरी भिंतीला लावली आणि काय सांगू! उजेड भिंतीवरून घसरत गेला तशी एकेक खोड उघडी पडायला लागली. इथे फुगवटा, तिथे खड्डा, पलीकडे पात्याची रेघ. काशीनाथ पेन्सिलने खुणा करत चालला.

माझा हात भरून आला. म्हटलं, "अरे, तुमच्यापैकी कोणी धरा ना आता!"

सविता पातं पुसत म्हणाली, "आम्ही कशाला? दुसऱ्याचे खड्डे दाखवायचा धंदा तुझा!"

माझ्या साऱ्या कारकिर्दीबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. मी हात बदलला आणि बॅटरी धरून उभा राहिलो. पुढचे कितीतरी दिवस ते काम माझ्याकडेच होतं. एक फरक सांगतो. मी दाखवलेला खड्डा त्याच दिवशी बुजायचा. पेपरात हे सुख मला कधी मिळालं नाही.

* * *

आणि आता शेवटचा.

सकाळचे अकरा. मोखाडा. मांडव, खुर्च्या, हार, माइक. एका खात्याने जाहीर केलं होतं की भिंतीचं काम करणाऱ्या स्थानिक गटांना अवजारांचं कीट मोफत मिळणार. आमच्या त्रिकुटाबरोबर आसपासचे आणखी गट आले होते. खात्याच्या साहेबांनी माइकवरून अटही सांगितली: भिंतीच्या तपासणीच्या दिवशी एक सांधा सर्वांसमोर करून दाखवायचा, आणि तो याच कीटमधल्या पात्याने. बाहेरचं पातं चालणार नाही.

खोकं छान होतं. झाकणावर रुंद, सपाट पात्याचा रंगीत फोटो. काशीनाथ तो बघून म्हणाला, "आपल्याला पाहिजे तोच!"

सविताला स्टेजवर बोलावलं. तिने खोकं हातात घेतलं आणि तिथेच टेप फाडायला लागली.

"ताई, आधी फोटो! नंतर उघडा!" साहेब म्हणाले.

"आत काय हाय ते न बघता मी हसू कशाला?"

उघडलं. आत पातं होतं. रुंद होतं. आणि त्याच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दाते! फरशी बसवताना खाली चिकटवायचा माल पसरतात ना, ते दातेरी पातं. त्याने भिंतीवर लांबी ओढली, तर भिंत नांगरल्यासारखी होईल.

सविताने दात्यांवरून अंगठा फिरवला आणि पातं वर धरून विचारलं, "साहेब, तूच सांग. ह्याच्यानी भिंतीला लांबी लावू का भिंतीची वेणी घालू?"

मांडव फुटला हसून. खाली बसलेल्यांनी आपापली खोकी उघडली. सगळ्यांत दातेरी.

साहेब लाल झाले. "माल वरून आलाय."

मी उभा राहिलो. "वरून म्हणजे कुठून?"

"नंतर बोलू."

"अट बदलणार का?"

"अट वरूनच आलीय."

कार्यक्रम संपल्यावर काशीनाथचा चेहरा उतरला होता. "चल," तो सविताला म्हणाला, "बिऱ्हाड बांधायला घेऊ. ह्यांना आपण ठाण्यालाच पाहिजे." चाचा थापी मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांना कुठलीही गोष्ट आठवली नाही.

सविताने पातं उचललं आणि तिथल्याच बाजारातल्या लोहाराकडे चालू लागली. आम्ही तिच्या मागे.

हा लोहार म्हातारा आहे. तालुक्यातल्या विळ्यांना दाते पाडण्यात त्याचा जन्म गेला. पातं उलटसुलट करून त्याने सविताकडे बघितलं. "पोरी, दाते चांगले हायत. बोथट झाले काय?"

"काढून टाक."

"काढू?" त्याने भाता थांबवला. "आजवर लोक दाते पाडून घ्यायला आले. काढायला पहिल्यांदा कोणी आला!"

पण बसला. दाते घासून कड सरळ केली. सविता म्हणाली, आणखी बारीक कर. त्याने पातं पातळ केलं. आणखी. तो कुरकुरत होता, करत होता. शेवटी सवयीने नखाची टिचकी मारली.

बद्द.

त्याचं तोंड एवढंसं झालं. "बिघडला. वाजत नाय."

सविताने पातं त्याच्या ऐरणीवर टेकवलं आणि दाबलं. ते धनुष्यासारखं वाकलं. सोडलं. सुतासारखं सरळ.

"वाजायचा काम मी करीन," ती म्हणाली. "त्यानी फक्त वाकायचा."

तपासणीला इंजिनिअर साहेब आले, खात्याचे साहेब आले. त्यांचा पहिला प्रश्न, "हे कीटमधलंच आहे ना?" सविताने मुठीवर छापलेलं खात्याचं नाव दाखवलं. चाचांनी थापीने माल कालवला, एक शब्द न बोलता. काशीनाथने टेप लावली. सविताने लांबी भरली आणि वरून खाली एकच ओढ घेतली, मग बाजूची, मग पलीकडची. बाजूला उभं राहून ती घट्ट होऊ दिली. शाळेच्या डस्टरने घासली.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मोबाइलची बॅटरी लावली आणि भिंतीला चिकटवून धरली. तिरकी. उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. वाटेत तो कुठेही अडला नाही. मी खड्डा शोधला, खरंच शोधला, सवयच आहे. सापडला नाही.

इंजिनिअर साहेब एवढंच म्हणाले, "उरलेल्या भिंती कधी सुरू करताय?"

भात झोडून झालंय. सूर्यमाळच्या त्या घराला या वर्षी कुलूप लागलेलं नाही. अभ्यासिका उघडली, आणि मनीषा रोज शाळा सुटल्यावर बरोबर त्याच भिंतीला पाठ लावून बसते. दुसऱ्या मुलींना तिथे बसू देत नाही. इतर गटही लोहाराकडे येऊन गेले. त्याने दुकानाबाहेर पाटी लावलीय: 'दाते पाडून मिळतील व काढून मिळतील.'

मी मात्र साहेबांचं 'नंतर बोलू' विसरलेलो नाही. ते दातेरी पातं कोणी निवडलं, हे विचारत फिरतोय. खातं म्हणतं, भांडाराला विचारा. भांडार म्हणतं, पुरवठादाराला विचारा. पुरवठादार म्हणतो, सांगितलं ते दिलं. सांगितलं कोणी, यावर तिघेही चहा मागवतात. तो चहाही मी घेत नाही.

सविताचं रिकामं खोकं माझ्या टेबलावर आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला, टेप फाडल्याशिवाय दिसणारच नाही अशा जागी, खात्याचा निळा गोल शिक्का आहे: 'उघडून तपासले'. आणि सविताने स्टेजवर फाडेपर्यंत त्या खोक्याची कारखान्यातली टेप शाबूत होती.